खडी फोडणाऱ्यांचा वाटा



‘श्रीमंतांची संपत्ती काढून गरिबांना वाटावी का?’ असा विषय या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला सुचवला. मी लगेच हो म्हटलं. मात्र आज मी या प्रश्नाला जरा मागून भिडणार आहे. संपत्ती काढून घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी ती जिथे साठली तिथे कशी साठली, हे पाहायला हवं. आणि ते पाहायला तासगावइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही. १९६५ साली वि. स. पागे यांनी रोजगार हमीच्या कल्पनेचा पहिला प्रयोग याच तालुक्यात केला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. ज्याच्या अंगात कष्ट करायची तयारी आहे त्याने काम मागावं आणि सरकारने ते दिलंच पाहिजे, इतकी साधी मांडणी होती त्यांची. त्या वेळी ती अनेकांना भाबडी वाटली असेल. सात वर्षांनी दुष्काळ आला आणि त्या भाबड्या कल्पनेवर राज्य तगलं.

माझ्या आईमुळे मी त्या दुष्काळाशी बांधला गेलो आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव माणदेशातलं. घरी जमीन नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि आई रोज पहाटे तिथे जायची. धाकटी बहीण काखेला, डोक्यावर पाटी आणि पाटीत भाकरीचं गाठोडं. पुरुष कुदळीने माती उकरायचे, बायका पाट्या भरून भरावावर टाकायच्या. आधीचे काही महिने आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवरचे हातोडीचे वण शेवटपर्यंत गेले नाहीत. आम्ही पोरं बाभळीच्या सावलीला बसायचो. दुपारी सुकडी मिळायची, तिची चव आजही जिभेवर आहे. घरी मिलोची भाकर. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी, जिच्या भाकरीला धड पदरही सुटायचा नाही. संध्याकाळी मुकादम हजेरी घ्यायचा आणि आठवड्याने खड्ड्यांचं मोजमाप होऊन पगार व्हायचा.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. जगाच्या इतिहासात दुष्काळाचा सामना इतक्या मोठ्या प्रमाणावर मजुरी देऊन क्वचितच कुणी केला असेल. त्या वर्षी माणसं मेली नाहीत असं मी म्हणणार नाही. गुरं तर गेलीच. पण ज्या प्रमाणात पिकं बुडाली होती त्या प्रमाणात माणसं मेली नाहीत, कारण हातात पैसे होते आणि पैसे होते म्हणून गावात धान्य येत होतं.

आता त्या तलावाकडे पुन्हा बघू. पाझर तलावातलं पाणी पाटाने कुणाच्या शेतात जात नाही. ते जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतात. दोन-तीन पावसाळ्यांत आमच्या गावच्या तलावाखालच्या विहिरी उन्हाळ्यातही टिकू लागल्या. जिथे बाजरी आणि मटकी व्हायची तिथे आधी भाजीपाला आला, मग डाळिंब आलं. जमिनीची किंमत किती पटींनी वाढली ते मी सांगायला नको, या सभागृहात द्राक्षबागायतदार बसले आहेत, त्यांना पाण्याखालच्या एकराचा आणि कोरडवाहू एकराचा भाव माहीत आहे. ज्यांच्या विहिरी होत्या ती माणसं वाईट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. रात्री-अपरात्री मोटारी चालू करायला उठणारी माणसं ती. पण तलाव त्यांनी बांधला नव्हता. तो बांधला आईसारख्या चार-पाचशे भूमिहीन माणसांनी, आणि त्यांना मिळाली त्या आठवड्याची मजुरी. तलावातून पुढे वर्षानुवर्षं जे निघत राहिलं त्यात त्यांचा वाटा शून्य.

आजच्या विषयावरचं माझं म्हणणं या एका तलावात आहे. फेरवाटप म्हणजे एकाने कमावलेलं दुसऱ्याला देणं, अशी आपली समजूत असते. त्या तलावाखालच्या बागेची वाढलेली किंमत नेमकी कुणी कमावली? मालकाचे श्रम त्यात आहेत. आईचे श्रमही आहेत. आणि आईची मजुरी ज्या पैशातून दिली गेली, तो देणाऱ्या दूरच्या शहरी नोकरदाराचाही हात त्यात आहे. तिघांनी मिळून केलेल्या गोष्टीचा सातबारा मात्र एकाच्या नावावर राहिला.

हे काही नवीन नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि त्यातून शिक्षण मिळतं ते वरच्या वर्गांच्या मुलांना, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. म्हणजे फेरवाटप तेव्हाही चालूच होतं, फक्त ते खालून वर होतं. जे लोक आज म्हणतात की सरकारने संपत्तीच्या वाटपात पडूच नये, त्यांना मी नम्रपणे फुल्यांचं ते निवेदन वाचायला सांगेन. धरण कुठे बांधायचं, कालवा कुठून न्यायचा, वीज कुणाला कोणत्या दराने द्यायची, शहरातल्या कोणत्या भूखंडावर किती मजले चढवू द्यायचे, यातला प्रत्येक निर्णय कुणाची तरी संपत्ती वाढवतो. रस्ता रुंद झाला की कडेच्या प्लॉटचा मालक झोपेत श्रीमंत होतो. सरकार संपत्तीच्या वाटपात आधीपासून गळ्यापर्यंत बुडालेलं आहे.

मग पागे यांच्या कल्पनेत वेगळं काय होतं? त्यात देणारा आणि घेणारा दोघेही कायद्यात समोरासमोर उभे होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता नगण्य होता, पण तो सरकारचं कर्तव्य चुकल्याची कबुली होता. आणि या कामासाठी पैसा उभा करायला राज्याने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आधीच केला होता. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत, कारखान्यांत, बँकांत काम करणाऱ्याच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. शहराने खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या कामाचा भार उचलायचा. असा उघड करार करणारं राज्य तेव्हा देशात दुसरं नव्हतं. २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा पुढे नमुना होता तो महाराष्ट्राचा.

मी पुढे शिकलो, प्राध्यापक झालो. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ होती. सहकारी कुरकुरत होते, हे कशाला कापतात म्हणून. मी ती चिठ्ठी घरी आईला दाखवली आणि हे पैसे कुठे जातात ते सांगितलं. तिने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

निवृत्त होईपर्यंत तीच ओळ माझ्या चिठ्ठीत होती. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीत शंभर जास्त का, हे किती नोकरदारांनी विचारलं असेल? राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती बरोबर गाठायची म्हणून. मूळ घटनेत ही मर्यादा २५० होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दसपट केली, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिला कुणी हात लावलेला नाही. १९८८ साली २,५०० रुपये म्हणजे बऱ्यापैकी पगारदाराचा एक महिन्याचा पगार होता. आज दहा हजारांहून थोडा जास्त पगार घेणारा कारखान्यातला कामगार वर्षाला २,५०० भरतो आणि ज्याचं वार्षिक वेतन कोटींत आहे असा त्याच कंपनीचा मुख्य अधिकारीही २,५०० च भरतो. ज्या करावर आपल्या राज्यातलं सर्वांत सुंदर फेरवाटप उभं राहिलं, तो कर असा वरच्या टोकाला गोठलेला आहे. पेट्रोलच्या दरावर रस्त्यावर उतरणारे आपण, या एका आकड्यावर सदतीस-अडतीस वर्षांत एक मोर्चा काढलेला नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, आयकर आहेच की, तो चढत्या दराने आहे. आहे. पण आयकर उत्पन्नावर आहे आणि मोठी संपत्ती उत्पन्नाच्या रूपात फारशी दिसतच नाही. ती जमिनीत असते, शेअरमध्ये असते, न विकलेली पडून वाढत असते. ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या संशोधकांनी २०२४ साली भारताचे आकडे मांडले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता, आणि संपत्तीचा ४०.१ टक्के. उत्पन्नातला वाटा ब्रिटिश अमदानीपेक्षाही वर गेला आहे. या अंदाजांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहेत आणि ते असावेत. पण आकडा चाळीस असो की पस्तीस, चित्र बदलत नाही.

आणि संपत्तीवरचे कर आपण एकेक करून काढून टाकले आहेत. मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा कर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ साली आला, २०१५ साली गेला. काढताना सांगितलं गेलं की वसुली फार थोडी आणि खटपट फार. ते खोटं नव्हतं. २०१३-१४ साली संपत्ती कराचे जेमतेम हजार कोटी आले होते. परंतु वसुली थोडी का होती? कारण त्या कायद्याने सोन्यावर, गाड्यांवर, रिकाम्या प्लॉटवर बोट ठेवलं आणि शेअर मोकळे सोडले. गळकी बादली पाणी धरत नाही म्हणून आपण आड बुजवला.

इथे समोरच्या बाजूचं म्हणणं मला नीट ऐकायचं आहे, कारण त्यात तथ्य आहे. १९७३-७४ साली या देशात आयकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता. त्या वरच्या टप्प्यात आणखी शंभर रुपये कमावले तर सव्वादोन हातात. त्यातून समता आली नाही, काळा पैसा आला. एका रोखपालापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांनी दोन वह्या ठेवायला शिकून घेतलं, आणि ती सवय आपल्या सार्वजनिक जीवनातून अजून गेलेली नाही. माणसाने राबून, जोखीम घेऊन, डोकं लढवून मिळवलेल्यावर अशी धाड घालणं चूकच होतं, असं मी मानतो. ज्या बागायतदाराने कर्ज काढून बाग लावली, गारपिटीत एकदा गमावली आणि पुन्हा उभी केली, त्याच्या नफ्यात मला हक्क सांगायचा नाही. मला विचारायचं आहे ते त्या संपत्तीबद्दल, जी मिळवायला मालकाला काहीच करावं लागलं नाही. रस्ता आला म्हणून वाढलेला जमिनीचा भाव. वारशाने आलेली मालमत्ता, तीही घर-शेतापुरती नव्हे, कित्येक कोटींच्या पलीकडची. स्वतःच्या कर्तृत्वाचा जे सर्वांत जास्त उद्घोष करतात त्यांनीच वारसा कराला सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा होता.

जमिनीच्या फेरवाटपाबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्याबद्दल या महाराष्ट्रात खूप बोललं गेलं आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या लाखो कुळांना मालक केलं, ही फार मोठी गोष्ट झाली. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा त्या दिवशी मालक झाले. पण कुळालाच जमीन मिळाली. त्या कुळाच्या शेतात मजुरी करणाऱ्याला काही मिळालं नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला, १९७५ साली मर्यादा आणखी खाली आणली गेली, बारमाही बागायत अठरा एकर आणि कोरडवाहू चौपन्न एकर. तोवर घराघरांत कागदोपत्री वाटण्या होऊन गेल्या होत्या. खासगी साखर कारखान्यांची हजारो एकर जमीन सरकारने घेतली, पण तीही भूमिहीनांना न देता शेती महामंडळाकडे गेली. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि माणसं तुरुंगात गेली, त्यातून पडीक आणि गायरान जमिनीचे तुकडे काहींच्या पदरात पडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावर जो अभ्यास मांडला, त्यात स्पष्ट सांगितलं होतं की जमीन वाटून सगळ्यांचं पोट भरेल एवढी जमीनच नाही. भूमिहीनाला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा लागेल आणि त्याचा खर्च वरच्या थराने सोसावा लागेल. त्या हिशेबाने अनेक डाव्या मित्रांचं मन दुखावलं. मला तो हिशेब बरोबर वाटतो, पण अपुरा. जमीन पुरणार नाही हे खरं. मात्र जमिनीची किंमत ज्याच्यामुळे ठरते ते पाणी वाटता येतं.

ते वाटून दाखवलेला माणूस आपल्याच राज्यात होऊन गेला. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते, स्वतःचा कारखाना असलेले. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली दुष्काळी कामं बघायला गेले आणि परतलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. नायगावला देवस्थानची माळरान जमीन कसायला घेतली, पाणलोट अडवला, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी माणशी मिळेल, जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याची पन्नास एकर आहे त्यालाही तेवढंच. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा. आणि शेवटचा नियम, ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

जमीन नाही त्याने पाणी घेऊन करायचं काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे जमीन आहे पण पाणी कमी पडतं, त्याच्याशी तो बरोबरीने वाट्याने शेती करेल. आजवर तो त्याच जमिनीत मजूर म्हणून जात होता, आता पाण्याचा धनी म्हणून जाईल. त्याच्या हातात मागायला काहीतरी आलं. पुढे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटपाचा जो लढा दिला, तो तर तुम्ही पाहिलेला, काहींनी लढलेला. येरळा नदीच्या वाळूतून पैसा उभा करून लोकांनी बांधलेलं बळीराजा धरण इथून फार लांब नाही.

पाणी पंचायत सगळीकडे का पसरली नाही? तिथे कष्ट फार, शिस्त फार, आणि साळुंख्यांसारखा माणूस गावोगावी मिळत नाही. शिवाय ती सरकारच्या पाणीधोरणाच्या कडेकडेने चालली, मध्यभागी कधी आली नाही. मध्यभागी ऊस होता. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापणारं हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा घास घेतं. सार्वजनिक पैशाने अडवलेल्या पाण्याचं ते फेरवाटपच आहे. ते कुणाकडून कुणाकडे होतं आहे, हे आपण हिशेबात लिहीत नाही, एवढंच.

संपत्तीच्या फेरवाटपाच्या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी एक मोठा निकाल दिला. खटला आपल्या मुंबईतलाच, जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांचा. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की घटनेच्या ३९ (ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनं’ म्हणजे प्रत्येक खासगी मालमत्ता नव्हे, काही मालमत्ता मात्र त्यात येऊ शकतात. काही मित्रांना वाटलं, समतेचं दार बंद झालं. मला तसं वाटत नाही. कुणाचं राहतं घर सरकारने ताब्यात घ्यावं असं मीही म्हणत नाही. करांचं दार उघडं आहे, वारशाचं उघडं आहे, पाण्याचं तर सताड उघडं आहे.

आणि गेल्या दोन वर्षांत घराघरांत पोचलेल्या योजनेबद्दल न बोलता गेलो तर तुम्ही मला सोडणार नाही. लाडक्या बहिणीचे पंधराशे. मी त्या योजनेच्या विरुद्ध नाही. माझ्या आईच्या हातात १९७३ साली दर महिन्याला स्वतःची अशी रक्कम आली असती तर तिचा अर्धा ताण उतरला असता. माझी तक्रार दुसरी आहे. रोजगार हमीत कोण देतो आहे हे कायद्यात लिहिलेलं होतं आणि घेणारी तो हक्क म्हणून घेत होती, काम मिळालं नाही तर तहसील कचेरीवर मोर्चा नेत होती. एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले ते बायकांचे मोर्चे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना विचारा. पंधराशे रुपये कुणाकडून येतात? वरच्या थरावर त्यासाठी एकही नवा कर लागला नाही. मग ते येतात सगळ्यांच्या साबण-तेलावरच्या करातून, कर्जातून आणि इतर खात्यांच्या कापलेल्या पैशातून. गरिबाच्या एका खिशातलं दुसऱ्या खिशात गेलं तर त्याला विषमता कमी होणं म्हणता येणार नाही.

माझं मागणं म्हणून मोठं नाही. व्यवसाय करावरची २,५०० रुपयांची मर्यादा उठवावी, त्यासाठी घटनादुरुस्ती करायला महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून पुढाकार घ्यावा, आणि तो कर चढत्या दराने लावून पुन्हा ग्रामीण कामांशी बांधावा. काही कोटींच्या वरच्या वारशावर कर यावा, शेअर न वगळता. आणि सार्वजनिक पैशाने अडवलेल्या प्रत्येक नव्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा आधी लिहावा, मग पाइप टाकावेत.

शेवटच्या मागणीवर मागे एकदा आमच्या गावात बोललो तेव्हा एक जण उठला. म्हणाला, सर, भूमिहीनांचा वाटा ठीक, पण कुणाकुणाला द्यायचा, यादी कुठून आणणार? आमच्या गावच्या त्या तलावाच्या कामाच्या मुकादमाकडे हजेरीपट होता. पांढऱ्या कागदाचे मोठे ताव, उभ्या-आडव्या रेघा, डाव्या बाजूला नावं आणि उजवीकडे अंगठे. माझ्या आईचा अंगठा त्यावर कित्येक आठवडे उमटलेला आहे. ते ताव आज कुठल्या कचेरीच्या कुठल्या कपाटात असतील तर ते काढावेत. यादी तिथून सुरू करता येईल.